समुद्राकडची खोली

पावसाळ्यात गोव्याला जायचंय, असं मी म्हटलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग मला शहाणपण शिकवायचा. बोईसरच्या कॉलनीतल्या माझ्या एक गिऱ्हाईक बाई तर म्हणाल्या, "अगं, वेडी की काय तू? पावसाळ्यात गोव्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. डिसेंबरात जा." डिसेंबरात जा! जशी काही आमची होडी मला विचारून समुद्रावर जाते. मी टोपलीवर प्लॅस्टिक ओढलं आणि म्हटलं, "बाई, डिसेंबरात माझा नवरा मला दुपारचा घरात दिसला तर मी चोर म्हणून ओरडेन. मला पावसाळ्यातच जायचंय." त्या पुन्हा हसल्या. मला हसू येत नव्हतं.

आमचं गाव तारापूरच्या बाजूचं, समुद्राला टेकलेलं. होडी घरची, आणि तांडेल माझा नवरा, म्हणजे होडीवर त्याचा शब्द चालायचा. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की हा माणूस जो पाण्यावर जायचा, तो पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत घरात पाहुण्यासारखा. यायचा तेव्हा अंगाला डिझेलचा वास, डोळे लालभडक. जेवायचा, झोपायचा, उठायचा, आणि मी बाजारातून टोपली घेऊन परत येते तोवर होडी गेलेली असायची. त्यानं आणलेली मासळी मला रोज भेटायची, तो नाही.

लोकांना वाटायचं, पावसाळ्यात बरं, होडी वर ओढली, झावळ्यांनी शाकारली, आता नवरा-बायको निवांत. कसलं डोंबलाचं निवांत! ओटीवर जाळ्यांचा ढीग, ढिगाभोवती खलाशी. दिवसभर जाळी शिवायची, दिवसभर चहा, दिवसभर तंबाखू. आत सासूबाई, धाकटा दीर, त्याची बायको, त्यांचं तान्हं मूल, आमची दोन. मी नवऱ्याला "ऐका ना" म्हटलं की चौघं ऐकायचे. रात्री मुलं आमच्या मध्ये आणि सासूबाई भिंतीच्या एवढ्या जवळ, की त्यांनी कूस बदललेली मला कळायची.

स्पष्ट सांगते, लाज कसली. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, दोन लेकरं झाली होती, आणि मला माझा नवरा ठाऊक नव्हता. त्याला भात मऊ लागतो हे ठाऊक होतं. कालवणात आंबट जास्त चालत नाही, ते ठाऊक होतं. पण हा माणूस एकटा बसला की काय विचार करतो, त्याला कशाचं सुख, कशाचं दुःख, याचा पत्ता नव्हता. गावातल्या सगळ्याच बायकांचं असंच होतं आणि त्यांचं काही अडत नव्हतं. माझं अडत होतं. मला चार दिवस माझा नवरा हवा होता. एकटा. बाकी काही नको होतं.

गोवा माझ्या डोक्यात घातला तो त्या गिऱ्हाईक बाईंनीच. त्यांच्या नवऱ्याला कारखान्यात एलटीसी मिळायची, त्यावर ते दर दोन-चार वर्षांनी कुठं कुठं फिरून यायचे. गोव्याहून आल्यावर त्यांनी मला फोटोंचा अल्बम दाखवला. माडांची रांग, वाळूत ओढलेल्या होड्या, काठ्यांवर वाळत घातलेली मासळी. मी म्हटलं, "बाई, हे बघायला एवढ्या लांब कशाला गेलात? माझ्या मागच्या दारी या, फुकट दाखवते." पण मग एक फोटो आला. लॉजच्या खोलीची गॅलरी, समोर नुसता समुद्र, दोन खुर्च्या, दोन कप, आणि त्या दोन खुर्च्यांत बाई आणि त्यांचा नवरा. तिसरं माणूस नाही. बाई काहीतरी सांगतायत आणि तो माणूस त्यांच्याकडे वळून ऐकतोय. मी तो फोटो एवढा वेळ धरून बसले की बाईंना वाटलं मला माड आवडले. "समुद्राकडची खोली आहे ती," त्या म्हणाल्या. "थोडी महाग पडते, पण घ्यावी तर तीच." ते मी मनात पक्कं करून घरी आले.

पहिल्या वर्षी होडीचं इंजिन उघडलं. त्याचे भाग सगळा पावसाळाभर आमच्या ओटीवर तेलात भिजत पडले होते आणि नवरा त्यात. दुसऱ्या वर्षी सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. तिसऱ्या वर्षी मी गोव्याचं नाव काढायच्या आतच दिराला कावीळ झाली. मला तर वाटायला लागलं, मी तोंड उघडलं की घरात कोणाचं तरी काहीतरी मोडतं.

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक श्रावण, मग खरा. नारळी पुनव खऱ्या श्रावणात, म्हणजे ती चांगली महिनाभर पुढे गेली. गावातले सगळे पुरुष तोंडं पाडून बसले. अजून एक महिना जमिनीवर, अजून एक महिना कमाई नाही. मी वरवर त्यांच्यासारखंच तोंड केलं होतं, पण आतून मला नाचावंसं वाटत होतं. आणि नवलच म्हणायचं, एका सकाळी नवरा जाळ्यातली मान वर न करता आपणहून म्हणाला, "यंदा महिना वाढलाय. जाळीबी लवकर होतील. जाऊ एकदाचं तुझ्या गोव्याला." खलाशी खी खी करून हसले. हसा मेल्यांनो, मी मनात म्हटलं, माझं काम झालं.

त्याच दिवशी मी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बोईसरला गेले आणि विकायच्या आधी ट्रॅव्हल्सवाल्याकडे शिरले. स्टेशनजवळ त्याची गाळ्याएवढी जागा होती. माणूस उत्तरेकडचा, कारखान्यातल्या कामगारांना गावाची तिकिटं काढून द्यायचा. टोपलीवाली बाई गोवा मागते म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारिश में गोवा? हनीमून है क्या?"

"हां, है," मी म्हटलं. "दो बच्चों के बाद वाला."

तो खो खो हसला, पण काम मन लावून केलं. मुंबईहून बस, दोन सीटा, लॉजवर फोन. खोली समुद्राकडची, गॅलरीवाली, हे मी त्याच्याकडून परत परत वदवून घेतलं. तो वैतागून म्हणाला, "मैडम, समझ गया. पलंग से पानी दिखेगा." घरी येताना एसटीत मी एकटीच गालातल्या गालात हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

घरी सासूबाई सुकटीतला कचरा निवडत होत्या. मी त्यांना दिवस सांगितला. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगो, तो धोंड्याचा महिना नाय का?"

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, अनारसे आणि दिव्याचं वाण द्यायचं, पंगतीला बसवायचं. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण आधीचे अधिक महिने आले ते होड्या पाण्यावर असताना. तेव्हा जावई यायचे, वाण घ्यायचे, जेवायचे आणि उठून होडीवर पळायचे. अधिक महिना असा भर पावसात, सगळे जावई रिकामे असताना येईल, आणि रिकामा जावई काय चीज असते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी महिना जास्तीचा मिळाला म्हणून नाचत होते, आणि तो महिना मुळात जावयांचा होता. माझ्या तीन नणंदा. म्हणजे तीन जावई.

"जावई दारात येतील नि घरचा पोरगा गोव्यात? लोकं तोंडात श्यान घालतील," सासूबाई म्हणाल्या.

"मग तिघांना एकाच दिवशी बोलवा ना, आई. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"जावई काय कोंबड्या हायत, एकदम डालायला?"

झालं. मी ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन दिवस पुढे ढकलला. थोरले जावई आले, खाऊन-पिऊन तृप्त झाले, गेले. मधले आधीच म्हणाले होते, थोरला गेल्याशिवाय मी येणार नाही, कारण त्यांचं जुनं काहीतरी बिनसलेलं होतं. ते गेल्यावर हे आले. आले ते पावसाची झड धरून आले. खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं, एसटी बंद, आणि जावईबापू आमच्या ओटीवर पाय पसरून, "वयनी, चा टाका" करत बसले. मी पुन्हा दिवस ढकलला. तिसऱ्यांची वाट बघत असताना माझ्या माहेराहून मासळीवाल्या बाईबरोबर सांगावा आला की आमच्या जावयाला धोंड्याला कधी पाठवताय. माझ्या सख्ख्या आईनं! मी त्या बाईवर एवढ्या जोरात खेकसले की ती बिचारी पाणीसुद्धा न पिता निघून गेली. पण आईचं वाण आईनं नाही द्यायचं तर कोणी द्यायचं? माहेरी गेलो, नवरा पाटावर बसला, मी चुलीपाशी. तिथंही आम्ही एकमेकांशी बोललो ते "अजून वाढू?" आणि "नको" एवढंच.

तिसऱ्यांदा दिवस बदलायला गेले तेव्हा ट्रॅव्हल्सवाल्यानं हात जोडले. "मैडम, गोवा कहीं भाग नहीं रहा. लेकिन लॉज वाला अब मेरा फोन नहीं उठाएगा." मी त्याला सुके सोडे देऊन शांत केलं.

इथवर सगळं मी सोसलं. रीतभात आहे, माणसं आहेत, चालायचंच. पण पुढे जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं, कारण ते दुसऱ्या कोणी नाही, माझ्या नवऱ्यानंच केलं. तिसरे जावई जेवायला बसले होते. मी मागून वाढत होते. नवरा मजेत म्हणाला, "दाजी, तुमीबी चला की गोव्याला." माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. जावई खूश. "येतो की. हिला पण घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी ओटीवर एका खलाशाला आमंत्रण. मग दिराला. मग सासूबाईंना, "आई, तुला तिथलं देऊळ दावतो." आठवडा व्हायच्या आत माझ्या दोन सीटांची मॅटॅडोर गाडी झाली होती. सासूबाईंनी स्टोव्ह काढून वाती बदलल्या, तांदूळ निवडले, सुकटीची पुडकी बांधायला घेतली.

"आई, गोव्यात मासे मिळतात हो," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"मिळत असतील. कवाचे नि कुणाचे, आपल्याला काय ठाव?"

गोव्याला सुकट घेऊन जाणारं घराणं आमचंच. मी त्या पुडक्यांकडे बघत राहिले आणि मला त्या गॅलरीतल्या दोन खुर्च्या दिसायला लागल्या. एका खुर्चीवर दाजी, दुसरीवर सासूबाई, आणि मी खाली स्टोव्हपाशी.

मी तडक ओटीवर गेले. पदर खोचलेला, हाताला पीठ. "तुमाला जायचं नसेल तर सरळ नाय म्हणा. असा तमाशा कशाला?"

"नाय कुठं म्हटलं?" नवरा जाळ्यातून डोळे न काढता म्हणाला. "चार माणसं असली का बरं वाटतं."

"मला चार माणसं नकोत. मला तुमच्याशी बोलायचंय."

तेव्हा त्यानं मान वर केली. खरोखर न समजून विचारल्यासारखं विचारलं, "मंग बोल ना. हितंच तर हाय मी."

ओटीवरच्या सगळ्या सुया थांबल्या. आत जावेनं भांडं ठेवलं ते आवाज न करता. सासूबाईंचा खोकला बंद झाला. सगळं घर कान होऊन बसलं होतं, आणि मी मधोमध उभी. काय बोलू? कुठून सुरू करू? मी म्हटलं, "चहा ठेवू का?" आणि आत गेले. आत जाऊन चुलीत लाकूड असं कोंबलं की सगळा धूर घरभर झाला आणि डोळे पुसायला निमित्त मिळालं. मला इतका राग कधीच आला नव्हता. त्याच्यावर, त्याच्या जाळ्यांवर, जावयांवर, त्या जास्तीच्या महिन्यावर. माणसानं मागून मागून मागितलं काय, तर आपलाच नवरा, आणि तोही वाटून घ्यायचा!

दुसऱ्या दिवसापासून मी चहा बंद केला. जेवण सगळं वेळेवर, पण ओटीवर चहा नाही. कोणी मागितला की म्हणायची, "साखर नाय." साखर डबाभर होती. खलाशी उठून आपापल्या घरी चहाला जायला लागले आणि गेले की परत यायला तासंतास लावायचे. जाळी पडून राहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईच हरल्या. "जा बाई, जा एकदाची. दोघंच जा. पोरांना मी बघते. पण त्यांना चा दे." जावयांना काय सांगितलं कोण जाणे, पण तेही गळले. नवऱ्याला मी विचारलं, "आता?" त्यानं सुईवरचा दोरा तोडला. मग म्हणाला, "जाऊ."

दिवस पक्का करायला तो स्वतः बोईसरला येतो म्हणाला. मी म्हटलं, मीही येणार. तो एकटा गेला असता तर वाटेत आणखी दोघांना गोळा करून आला असता, इतका माझा त्याच्यावर विश्वास उरला होता. पाऊस उभा कोसळत होता. एसटीतून उतरल्यावर मी म्हटलं, "तुमी ट्रॅव्हल्सवाल्याकडं बसा, मी कॉलनीत बाईंचे बोंबील टाकून येते." बाईंचं दार बंद होतं. पुडकं शेजारी ठेवलं आणि तशीच मागे फिरले. फार तर एका चहाएवढा वेळ गेला असेल.

पावसाची झड आत येऊ नये म्हणून ट्रॅव्हल्सवाल्यानं गाळ्यापुढे ताडपत्री सोडली होती. मी तिच्या बाहेर, वळचणीला उभी राहून पायावरचा चिखल काढत होते. आतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. बर्फ आणि डिझेलच्या व्यवहारात शिकलेली त्याची ती मोडकी हिंदी.

"वो समुंदर वाला रूम है ना, वो नै चाहिए. पीछे का दो."

"अरे भाईसाब, मैडम ने कितनी बार बोला है, सामने का, गैलरी वाला. सब लोग वही मांगते हैं."

"मैडम को मत बोलना. बोलना, वो खाली नहीं था."

माझं टाळकंच सणकलं. म्हणजे आता हेही! मी ताडपत्रीला हात घातला होता. आत ट्रॅव्हल्सवाला हसला. "मछली पकड़ने वाला आदमी, और समुंदर से भागता है?"

नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "रात को उसका आवाज आता है. मेरे को नींद नै आता."

"आप तो उसी के बाजू में रहते हो."

"उदर घर में भोत आदमी है. बच्चा रोता है, बुड्ढी खांसता है, भाई घोरता है. उसका आवाज सुनाई नै देता. गोवा में खाली हम दो आदमी."

ताडपत्रीवरचा माझा हात तसाच राहिला.

मग त्यानं त्या परक्या माणसाला सांगितलं. मला अजून कळत नाही, त्यालाच का. कदाचित तो कोणाला सांगणार नव्हता म्हणून. गेल्या थंडीत जाळं सोडताना दोराचा वेढा त्याच्या पायाला बसला आणि जाळ्याबरोबर तो खाली गेला. पाय कसा सुटला त्याला कळलं नाही. वर आला तेव्हा काळोखात होडीचा दिवा लांब गेलेला. ओरडून उपयोग नव्हता, इंजिन चालू होतं. जाळ्याचा एक तरंगता बोया हाताला लागला, तो मिठीत धरून तो उजाडेपर्यंत पाण्यात होता. सगळीकडे तो आवाज, डोक्याच्या वरून, कानातून. सकाळी खलाशांनी शोधून काढला. होडीवर हात ठेवून त्यानं सगळ्यांना शपथ घातली होती, घरी बोलायचं नाही म्हणून. त्या खेपेला तो घरी आला आणि म्हणाला होता, एक जाळं गेलं. मी म्हटलं होतं, गेलं तर गेलं. मला वाटलं जाळंच गेलं होतं.

ट्रॅव्हल्सवाला हळू आवाजात म्हणाला, "तो फिर गोवा क्यों जाते हो, भाई? मना कर दो."

"नै नै. औरत का मन है," माझा नवरा म्हणाला. "चार दिन का बात है. निकल जाएगा. खाली रूम पीछे का दो."

चार माणसं असली का बरं वाटतं. तो मला खरं तेच सांगत होता, आणि मी चहा बंद केला होता.

मी ताडपत्री सारून आत गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"कॅन्सल करो," मी ट्रॅव्हल्सवाल्याला म्हटलं. त्यानं या खेपेला हात जोडले नाहीत. सरळ फोनकडे वळला.

"का?" नवरा गडबडला. "अगो, तुझं मन हाय ना?"

"गोव्याचं नव्हतंच कधी!" मी ओरडलेच. आवाज फाटला माझा. "हे जे तुमी आता या माणसाला सांगितलंत, ते मला पायजे होतं. माझ्या नवऱ्यावर काय बेतलं ते बोईसरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला ठाव, नि मला नाय! कोण मी तुमची? मासळी विकणारी बाई?"

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. बघा म्हटलं, फुकट आहे. मी रडत होते आणि मला त्याची पर्वा नव्हती. नवऱ्यानं माझी रिकामी टोपली उचलली, मला दंडाला धरलं आणि बाहेर वळचणीला आणलं. एसटी यायला वेळ होता. पुढे रस्त्यावरून पाणी वाहत होतं. आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्या आजूबाजूला आमचं कोणी नव्हतं.

"घरात कुठं सांगू?" तो म्हणाला. "आई हाय, पोरं हायत."

"माझ्या कानात सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "मंग मला परत होडीत चढू दिलं असतंस?"

बाजारात माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. इथं मी नुसता ओला पदर पिळत राहिले. नाही म्हणावं, तर त्या होडीवर आमच्याच घराची नाही, आणखी चार-पाच घरांची चूल होती. हो म्हणावं, तर ते कोणत्या तोंडानं? तो वाट बघत होता. त्यानं खरंच विचारलं होतं, आणि त्याला खरंच ऐकायचं होतं.

"दिलं असतं," मी शेवटी म्हटलं. "नि मग तुमी परत येईपर्यंत दर खेपेला डोळे उघडे ठेवून पडले असते."

"तेच नको होतं मला," तो म्हणाला.